अलीशिबेच्या घरचे तीन महिने

वाचावयाचे शास्त्रभाग : लूक १:२४-५६, गणना ११:१०-१७



लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आपण दरवर्षीं नाताळाच्या सुमारास वाचतों. जखऱ्यास झालेलें दर्शन, देवदूताचा निरोप, मरीयेचें स्तोत्र, या सर्वांवर उपदेश होतात, आणि आम्हींही ते पुष्कळदां केले आहेत. परंतु निरोप व स्तोत्र यांच्या मध्यें एक लहानसें वाक्य आहे, तेथें आम्ही आमच्या सेवेच्या वीस वर्षांत कधीं थांबलों नाहीं. देवदूत निघून गेल्यावर मरीया उठली आणि डोंगराळ मुलखांतील एका गांवीं घाईनें गेली, एवढेंच तेथें सांगितलें आहे. आज त्या घाईविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे, आणि तिच्यावरून आपल्या घरांतील पहिलटकरणींविषयीं.

नासरेथ गालीलांत, आणि जखऱ्याचें घर यहूदाच्या डोंगरांत. जुन्या परंपरेनें तें गांव म्हणून यरुशलेमाच्या पश्चिमेचें ऐन कारेम दाखविलें जातें. तें खरें धरलें तर पायीं चालणाऱ्यास ही वाट चार-पांच दिवसांची होते. लहान वयाची मुलगी, नुकतेच दिवस गेलेले, आणि इतकी घाई कशाची? आम्हांस सेमिनरींत असें शिकविलें होतें कीं ही आनंदाची घाई होती. आनंद पोटांत मावेना म्हणून ती निघाली. तसें असेलही. या ठिकाणीं तिच्या मनांत भय होतें असें लूक लिहीत नाहीं, आणि जें त्यानें लिहिलें नाहीं तें आम्ही त्याच्या नांवावर घालूं इच्छीत नाहीं. परंतु देवदूताचें बोलणें ऐकून तिच्या मनांत खळबळ झाली हें त्यानेंच थोडें वर लिहिलें आहे. आणि तिनें होकार दिल्यावर देवदूत तिला तेथेंच सोडून गेला, हेंही लिहिलें आहे. घर तेंच, चूल तीच, पाण्याची वाट तीच. पोटांत मात्र असें कांहीं, कीं ज्याविषयीं गांवांत कोणापुढें तोंड उघडावें हें तिला ठाऊक नाहीं. जी स्त्री पहिल्या गर्भारपणांतून गेली आहे तिला त्या घाईचा आणखी एक अर्थ सांगावा लागत नाहीं. जिच्यापुढें कांहींच समजावून सांगावें लागणार नाहीं अशी एक बाई तिला हवी होती.

ती तिला मिळाली. अलीशिबा वयानें म्हातारी होती खरी, पण तीही पहिलटकरीणच होती. दिवस राहिल्यावर पांच महिने ती लोकांत गेली नाहीं, असें शास्त्र सांगतें. कां, याविषयीं आम्हीं आमच्या मंडळींतील एका आजीबाईस विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "पाळकबाबा, इतक्या वर्षांनीं राहिलेलें पोट. टिकतें कीं नाहीं याचा घोर लागतो. टिकेपर्यंत बाई लोकांना कशाला दाखवील?" टीकाकारांच्या ग्रंथांत आम्हांस याहून बरें उत्तर सांपडलें नाहीं. आणि दुसरी एक गोष्ट पाहा. त्या घरांत याजक होता, परंतु देवानें त्याची वाचा बंद केली होती. मरीया तेथें सुमारें तीन महिने राहिली, आणि तितके दिवस त्या घरांत दोन गर्भवती स्त्रिया बोलत होत्या व याजक गप्प होता. आम्हां पाळकांनीं व उपदेशकांनीं या व्यवस्थेचा थोडा विचार करावा.

आपल्या भाषेंत गर्भवतीस दोन जिवांची म्हणतात. तिच्या इच्छांस आपण डोहाळे म्हणतों. हा शब्द ज्या संस्कृत शब्दावरून आला त्याचा संबंध जाणते लोक दोन हृदयांशीं लावतात, आणि सुश्रुताच्या वैद्यकग्रंथांतही गर्भिणीस त्याच अर्थानें दोन हृदयांची म्हटलें आहे. शब्द मोठा आहे. परंतु त्यांतून आपण जिभेचे डोहाळे तेवढे घेतले. तिला आंबट हवें कीं गोड हें सगळी आळी विचारते. तिला पाटावर बसवितात, ओटी भरतात, गाणीं म्हणतात. तिला भीति कशाची वाटते हें कोणी विचारीत नाहीं.

आमच्या पत्नीनें व मंडळींतील बायबलबाईनें तें विचारावयास आरंभ केला. पुरुषापुढें ह्या गोष्टी निघत नाहींत. त्यांनीं जें ऐकलें त्यांतील थोडें, ज्यांचें त्यांची परवानगी घेऊन, येथें सांगतों. एक म्हणाली कीं दिवस गेल्याचें कळलें तेव्हां आनंद झाला कीं नाहीं हें आठवतच नाहीं. पहिले तीन महिने ओकण्यांत आणि तें सासरच्यांपासून लपविण्यांत गेले. दुसरीच्या शेजारची बाई बाळंतपणांत गेली होती, त्यामुळें आठवा महिना लागल्यापासून ती रोज रात्रीं आपलें लुगडें कोणाला, भांडीं कोणाला, याची मनांत वांटणी करी. तिसरीनें सांगितलें कीं लोक माझ्या पोटाकडे पाहून बोलतात, तोंडाकडे पाहून बोलत नाहींत. एकीस स्वप्न पडे कीं बाळ झालें आणि आपण तें आठवड्याच्या बाजारांत विसरून घरीं आलों. पहिलटकरणीस अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास बाळाची हालचाल प्रथम कळूं लागते. आधीं ती म्हणते कीं पोटांत वारा धरला असेल, आणि मग एका रात्रीं समजते कीं हें तें नव्हे. त्या दिवसापासून ती अंधारांतही एकटी नसते. कोणास यानें धीर येतो. कोणी दचकते, कारण आपल्या देहांत एक असा जीव आहे कीं जो आपल्यास विचारून हलत नाहीं. आणि पुष्कळ वेळां धीर येणारी व दचकणारी ही एकच स्त्री असते, तासाभराच्या अंतरानें.

हें पाप नव्हे, आणि वेडही नव्हे. रिबकेची गोष्ट आठवा. वीस वर्षें वाट पाहिल्यावर तिचें पोट राहिलें. इसहाकानें तिच्यासाठीं प्रार्थना केली होती. मागितलेलें मिळालें. तरी मुलें पोटांत झगडूं लागलीं तेव्हां, असें आहे तर मी कशाला आहें, अशा अर्थाचा प्रश्न तिच्या तोंडून निघाला, आणि तो तिनें थेट परमेश्वराकडे नेला. देवानें तिला कृतघ्न म्हटलें नाहीं. तुझ्या पोटांत दोन राष्ट्रें आहेत असें सांगून त्यानें तिच्या प्रश्नाचें उत्तर दिलें, म्हणजे तिला होणारा त्रास खरा आहे हें मान्य केलें. तुमच्या घरीं सून अशी बोलली असती तर तिला काय उत्तर मिळालें असतें?

आतां बाळंतपणानंतरची गोष्ट. आपल्या आज्या म्हणत कीं बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म. त्या मृत्यूच्या दारांतून परत येण्याविषयीं बोलत असत. परंतु त्यांच्या बोलण्यांत आणखीही एक खरेपण आहे. इ. स. १९७३ त डेना राफेल या अमेरिकन विदुषीनें स्त्री आई होत असतां तिच्यांत घडणाऱ्या बदलासाठीं एक नवा शब्द केला, आणि मुलगी वयांत येतांना जशी उलथापालथ होते तशीच ही एक आहे असें आतां जाणते लोक म्हणतात. बाळ एका दिवसांत जन्मतें. आई त्याच दिवशीं पुरी जन्मते असें नाहीं.

गर्भारपणांत अंगांत जे रस वाढलेले असतात, त्यांतील कांहीं वार पडल्यावर थोड्याच दिवसांत एकदम उतरतात. त्याच दिवसांत पान्हा फुटतो, टांके दुखतात, रात्र तुकड्यातुकड्यांची होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पुष्कळ बाळंतिणी कारणावांचून रडतात. पाणी तापलें नाहीं म्हणून रडतात, पाणी तापलें म्हणून रडतात. हें फार सामान्य आहे, आणि जवळचें माणूस मायेचें असेल व थोडी झोंप मिळेल तर दोन आठवड्यांच्या आंत बहुधा आपोआप जातें. त्यास औषध लागत नाहीं. "काय झालें रडायला, इतकें गोजिरें बाळ आहे," हें वाक्य तेवढें कोणी म्हणूं नये.

आणि प्रीतीविषयीं एक बोलावयाचें आहे. आपण उपदेशांत सांगतों कीं बाळाचें तोंड पाहतांच आईच्या पोटांत माया दाटते. कित्येकींस तसें होतें. परंतु कित्येकींस पहिल्या दिवशीं थकवा असतो, आश्चर्य असतें, आणि माया पुढें आठवड्यांनीं येते, पाजतां पाजतां, न्हाऊं घालतां घालतां, तिला स्वतःलाही न कळत. अशी स्त्री मनांत म्हणते, सगळ्या आयांना होतें तें मला झालें नाहीं, म्हणजे माझ्यांतच कांहीं वाईट आहे. आणि ती तें लपविते. आमच्यासारखे उपदेशक व्यासपीठावरून तिचें लपविणें आणखी पक्कें करितात.

हें आम्ही ऐकीव सांगत नाहीं. सात-आठ वर्षांपूर्वीं आमच्या क्षेत्रांतील एका खेड्यांत एका तरुण सुनेस पहिली मुलगी झाली. तिची स्वतःची आई लग्नापूर्वींच वारली होती, म्हणून पहिलें बाळंतपण माहेरीं न होतां सासरींच झालें. चाळीस दिवसांनीं उपकारस्तुतीची उपासना ठेविली, आणि आम्हीं १२७ व्या स्तोत्रावरून उपदेश केला कीं लेंकरें हा परमेश्वरानें दिलेला वतनभाग आहे. उपदेश लांब झाला. ती सर्व वेळ उभी होती. उपासना संपतांच तिनें मूल सासूच्या हातीं दिलें, कोणाची वस्तु परत करावी तसें. आम्हीं विचारलें, "काय बाई, बरें आहे ना?" तेव्हां ती खालीं पाहून म्हणाली, "पाळकबाबा, हें माझें आहे असें वाटत नाहीं. मी कोणाचें तरी सांभाळते आहे, आणि ज्यांचें आहे ते येत नाहींत."

इतकें स्पष्ट बोलणें आम्हांशीं त्यापूर्वीं किंवा त्यानंतर कोणी बोललें नसेल. आम्हीं काय उत्तर दिलें? असे विचार मनांत आणूं नकोस, ज्यांस मूल नाहीं त्यांच्याकडे पाहा, रोज सकाळीं देवाचे आभार मान. असें म्हणून आम्हीं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि जेवावयास बसलों. त्या घरीं त्या दिवशीं कोंबडी केली होती. आम्ही पोटभर जेवलों.

अकराव्या रात्रीं मूल रडतें म्हणून सासू उठली तों दार उघडें. सून मळ्यांतील विहिरीच्या कठड्यावर बसलेली तिला सांपडली. त्या म्हातारीस वाचतां येत नाहीं आणि बाप्तिस्म्याच्या वेळीं विश्वासांगीकार पाठ करितांना तिला फार कष्ट पडले होते, हें आम्हांस ठाऊक आहे. ती ओरडली नाहीं. शेजारीं बसली, सुनेचा पदर आपल्या मुठींत धरला आणि उजाडेपर्यंत तशीच बसून राहिली. आम्हांस निरोप पोहोंचून आम्ही शास्त्र घेऊन गेलों, तेव्हां ती दारांतच म्हणाली, "पाळकबाबा, आज प्रार्थना थोडकी करा आणि गाडी बघा. हिला दवाखान्यांत न्यायची आहे."

जिल्ह्याच्या ठिकाणीं मानसोपचाराच्या डॉक्टरांनीं सांगितलें कीं हा आजार आहे. बाळंतपणानंतर येतो, ओळखतां येतो आणि बरा होतो. चैत्रांत हें घडलें. औषध चाललें, सासूनें रात्रींचें मूल आपल्याकडे घेतलें, नवऱ्यानें कारखान्याची रात्रपाळी बदलून घेतली. बाजरी निसवली त्या सुमारास एक दिवस मुलीस शिंक आली आणि ती हसली. मग सासूकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, हिची शिंक माझ्या आईसारखी आहे." हें आम्हांस म्हातारीनेंच नंतर सांगितलें, आणि तिच्या मतें आजार त्या दिवशीं गेला. डॉक्टरांनीं औषध त्यानंतरही कित्येक महिने चालू ठेविलें, आणि तें बरोबर केलें.

ही एका घरचीच गोष्ट आहे असें कोणी समजूं नये. गोव्यांत गर्भारपणापासून २७० स्त्रियांची चौकशी करून केलेला एक अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनीं त्यांतील शेंकडा २३ स्त्रियांस हा खिन्नतेचा आजार आढळला, आणि त्यांपैकीं बहुतेकींच्या मनाचा त्रास गर्भारपणांतच सुरू झालेला होता. म्हणजे चार-पांच बाळंतिणींत एक. कोणास अधिक होतो हेंही त्या अभ्यासानें पाहिलें: जिच्या घरीं दारिद्र्य आहे तिला, जिचें नवऱ्याशीं बरें नाहीं किंवा जिला नवरा मारतो तिला, आणि मुलगा हवा असतां जिला मुलगी झाली तिला.

शेवटचा शब्द पुन्हां वाचा. आपण मूर्ति सोडिल्या, जत्रा सोडिल्या, नवस सोडिले. परंतु मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, हा भेद आमच्या कित्येक ख्रिस्ती घरांतून अजून गेलेला नाहीं. आणि बर्फी घेऊन येणाऱ्याच्या तोंडावरील भाव खोलींत निजलेली बाळंतीण उघड्या दारांतून पाहत असते. नऊ महिने तिनें ज्या जिवास वाढविलें त्याचें स्वागत कसें झालें, याची नोंद तिच्याइतकी बारीक कोणी ठेवीत नाहीं. आम्ही आमच्या मंडळींत सांगितलें आहे कीं दोहोंसाठीं एकच मिठाई वाटावी, किंवा मुळींच वाटूं नये. कांहीं वडील यावर रागावले आहेत.

आतां गणना पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाकडे चला. तेथें मोशे देवापुढें जी तक्रार करितो ती फार चमत्कारिक शब्दांत आहे. या सर्व लोकांचा गर्भ मीं धरिला होता काय, यांस मीं जन्म दिला काय, कीं तान्ह्या बाळास उराशीं धरून न्यावें तसें मीं यांस न्यावें, असें तो विचारतो. आणि हा भार मला सोसवत नाहीं, त्यापेक्षां मला मारून टाक, असेंही म्हणतो. समुद्र दुभंगला त्या वेळीं हातीं काठी धरून उभा राहिलेला पुरुष आपल्या थकव्यास नांव देऊं लागला, तेव्हां त्यास तान्ह्याच्या आईवांचून दुसरी उपमा मिळाली नाहीं! आणि देवानें काय केलें? तुझा विश्वास कमी झाला असें म्हटलें नाहीं. माझे उपकार मोज असें म्हटलें नाहीं. सत्तर वडील जमव, ते तुझ्याबरोबर भार वाहतील, म्हणजे तुला एकट्यास तो वाहावा लागणार नाहीं, असें सांगितलें. जो उपदेश आम्हीं त्या सुनेस केला, तो देवानें मोशेस केला नाहीं.

आमच्या खेड्यांतून अशा स्त्रीविषयीं दोन प्रकारचें बोलणें होतें. जुन्या वळणाचे लोक म्हणतात कीं हिला बाहेरचें कांहीं लागलें, देवऋषी पाहा. नव्या वळणाचे विश्वासी म्हणतात कीं हिची प्रार्थना कमी पडली, किंवा सैतानानें घर धरलें. आमच्या दृष्टीनें या दोहोंत फार अंतर नाहीं. दोन्ही ठिकाणीं आजारी बाईस अपराधी ठरविलें जातें आणि दवाखान्याचा दिवस पुढें ढकलला जातो. जिला मलेरिया झाला तिच्यासाठीं आपण प्रार्थनाही करितों आणि रक्तही तपासतों. येथेंही तसेंच करावें.

दोन आठवड्यांनंतरही बाळंतीण उदास राहिली, मूल झोंपलें असतांही तिला झोंप येईना, खाणें सुटलें, मुलाकडे पाहवेना किंवा क्षणभरही त्यास खालीं ठेववेना, आपण जगून उपयोग नाहीं असें ती बोलूं लागली, तर डॉक्टरांकडे नेण्यास उशीर करूं नये. जगून उपयोग नाहीं असें तिनें एकदां जरी म्हटलें तरी दोन आठवडे मोजीत बसूं नये, आणि तिला एकटी ठेवूं नये. अंगावर पाजणाऱ्या आईस देतां येण्यासारखीं औषधें आहेत. कोणतें द्यावें हें डॉक्टर ठरवितील. आणखी एक आजार याहून विरळा आहे, हजार बाळंतपणांत एक-दोन ठिकाणीं होणारा. पहिल्या दोन आठवड्यांतच बहुधा येतो. बाई झोंपत नाहीं, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, मुलाविषयीं भलतेंच कांहीं खरें मानूं लागते. तेथें तर एक रात्रही थांबूं नये. आई व मूल दोघांच्याही जिवास धोका असतो. कित्येक घरें या भीतीनें नेत नाहींत कीं तेथें नेल्यावर मूल आईपासून तोडतील. देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यांत असें आहे कीं अशा ठिकाणीं उपचार घेणाऱ्या स्त्रीचें तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून वेगळें करूं नये. तिच्या आजारानें मुलास धोका असेल तेवढ्यापुरतें मात्र करितां येतें. आणि ज्यास कोठें विचारावें हें कळत नाहीं त्यानें १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सोय २०२२ पासून आहे, दिवसरात्र आहे, आणि तिला पैसे पडत नाहींत.

हें सर्व वाचून उपदेशकबंधु म्हणतील कीं आम्ही डॉक्टर नाहीं, आम्हीं काय करावें? त्यांस आम्ही एक वर्तमान सांगतों. पाकिस्तानांत रावळपिंडीच्या खेड्यांतून गांवोगांव फिरणाऱ्या साध्या आरोग्यसेविकांस कांहीं दिवसांचें शिक्षण दिलें. गर्भारपणीं खिन्न असलेल्या स्त्रियांच्या घरीं त्या ठराविक दिवशीं जात, त्यांचें ऐकून घेत, मन एकाच वाईट विचाराभोंवतीं फिरत असेल तर तो विचार तपासून पाहण्यास शिकवीत, घरच्यांस हाताशीं घेत. बाळ सहा महिन्यांचें झालें तेव्हां अशा घरांत शेंकडा २३ स्त्रिया आजारी राहिल्या होत्या; जेथें सेविका गेल्या पण हें शिक्षण त्यांस नव्हतें तेथें शेंकडा ५३. हें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें गोव्यांतही गांवच्याच आयांस सखी म्हणून शिकवून हें काम चालविलें गेलें. त्या सखींत कोणी पंडिता नव्हती. अलीशिबाही नव्हती.

आपल्या गांवीं आशाताई बाळंतिणीच्या घरीं पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळां येतात. दवाखान्यांत बाळंत झालेलीकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं. त्यांचा तराजू बाळासाठीं असतो. त्याच वेळीं मंडळींतील एखाद्या शहाण्या बाईनें बाळाच्या खोलींत न जातां आईच्या खाटेजवळ बसावें आणि तिला विचारावें कीं रात्र कशी गेली. बाळाची रात्र नव्हे, तिची. उत्तर काय येईल याची घाई करूं नये. पहिल्या दोन भेटींत "बरें आहे" यावांचून कांहीं येणार नाहीं. तिसऱ्या भेटीस येईल.

आणि झोंप. एलीया झुडुपाखालीं मरण मागत निजला, तेव्हां देवानें प्रथम त्यास झोपूं दिलें, मग भाकर दिली, मग पुन्हां झोपूं दिलें. बोलणें डोंगरावर पोहोंचल्यानंतर झालें. घरांतील सासूनें, नणंदेनें, आणि विशेषेंकरून नवऱ्यानें, रात्रींतून चार-पांच तास तरी मूल असें धरावें कीं पाजण्यापुरतेंच तिला उठावें लागेल. नवऱ्यास यांत कमीपणा वाटतो. आम्हांसही वाटला होता. हा मजकूर लिहून झाल्यावर आमच्या पत्नीनें तो वाचला. आमच्या थोरल्याच्या जन्माच्या वेळीं आम्ही सेमिनरीच्या शेवटच्या वर्षांत होतों. "माझ्या वेळीं तुम्ही इब्री भाषेची परीक्षा देत होतां," एवढेंच ती म्हणाली आणि कागद परत दिला. त्यापुढें आम्हीं विचारलें, तेव्हां तिनें जें सांगितलें तें या पत्रांत छापण्याजोगें नाहीं. तें तिचें आहे. इतकीं वर्षें तें आमच्याच घरांत होतें.

आमच्या मंडळींत उपकारस्तुतीची उपासना आतां थोडी बदलली आहे. मातेस खुर्ची देतात. उपदेश दहा मिनिटांचा असतो, आणि आम्ही लांबवूं लागलों तर बायबलबाई खोकतात. उपासना संपल्यावर पाळकानें काय विचारावें हें आम्हीं वहींत लिहून ठेविलें आहे, आणि तें विचारून झाल्यावर पाळकानें गप्प बसावें असेंही त्याखालीं लिहिलें आहे. जेवण होतें, परंतु तें शेजारची घरें आणितात; बाळंतिणीच्या घरीं त्या दिवशीं चूल पेटवावयाची नाहीं.

सध्यां वस्तीवरील एका घरीं एक मुलगी सातव्या महिन्यांत आहे. हीही आईवेगळीच. तिच्याकडे गुरुवारीं कोणी जावें याची यादी केली असून पहिल्या पाळीस त्या विहिरीवरच्या सुनेनें आपलें नांव स्वतः दिलें आहे. ती आपल्या मुलीस बरोबर नेणार आहे. मुलगी आतां बोलते फार, त्यामुळें तिला तेथें किती वेळ बसवेल हें सांगवत नाहीं.